हळवेपणा : कमी – जास्त

माझा नवरा कामावरून आला की आधी चहा पितो आणि मग मराठीची सेवा करतो. लिनक्स म्हणून ती फुकट मिळणारी सिस्टिम असते ना, तिच्यातली इंग्रजी बटणं मराठीत आणायची, हा त्याचा छंद. पगार नाही, शाबासकी नाही, भांडणं मात्र भरपूर. एकेका शब्दाचा चार माणसं महिनामहिना कीस पाडतात. घरात आम्ही त्याला पंडित म्हणतो. मी चिडलेली असले की जरा जास्तच गोड आवाजात म्हणते.

पंडिताचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'हळवेपणा'. माउस जरासा सरकवला की पडद्यावरचा बाण किती लांब पळणार, हे ठरवणारी एक पट्टी सेटिंगमध्ये असते. तिला आधी 'संवेदनशीलता' म्हणायचे. पण तो शब्द चौकटीत मावेना, 'संवेदनशी' इथेच त्याचा जीव जायचा. पंडिताने 'हळवेपणा' सुचवला, त्यासाठी आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी तो पास झाला. त्या दिवशी स्वारी इतकी खूश होती की न सांगता सगळी भांडी घासून ठेवली. मग मी कशाला त्या शब्दाला नावं ठेवू?

आता आईबद्दल सांगते. माझी आई फोटो दुरुस्त करते. म्हणजे आधी करायची, स्टुडिओत बसून, बारीक ब्रशने आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलने. कुणाच्या गालावरचा ओरखडा, कुणाच्या कपाळावरची घडी, आई असं काही बुजवायची की मूळ माणसालाही पत्ता लागू नये. मग सगळा कारभार कॉम्प्युटरवर गेला आणि आई घरी बसली. बाबा गेल्यावर तर ती घरातली घड्याळंसुद्धा पुसत बसायची.

आणि मागच्या महिन्यात स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे फोटोमास्तर म्हणतात, स्वतः घरी आले. कुणाच्या तरी आईचा जुना फोटो होता, पाण्यात भिजलेला. अर्धा चेहरा डागाळलेला आणि एक डोळा जवळजवळ पुसून गेलेला. "आमची पोरं डोळा काढतात हो, पण तो बाहुलीचा दिसतो," फोटोमास्तर म्हणाले. "तुम्ही बघा. हा जमला तर असली सगळी कामं तुमच्याकडेच."

आईने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका खुललेला होता की मला रडूच आलं. पंडितानेही जावईपणाला जागून आपला जुना लॅपटॉप नीटनेटका करून तिला दिला, सगळा अस्सल मराठीत. माउस जोडून दिला, तो भिजलेला फोटो स्कॅन करून आत घातला, त्यावर ब्रश कसा फिरवायचा ते शिकवलं. "आणि ही हळवेपणाची पट्टी," तो छाती फुगवून म्हणाला, "तुम्हाला हवी तशी ठेवा."

"हो हो," आई म्हणाली.

दोनच दिवसांत आईचा फोन आला. "अगं, तो बाण हाताला लागतच नाही. पापणीवर न्यायला जावं तर कानावर जातो."

पंडित लगेच जाऊन आला. पट्टी मध्यावर आणली, स्वतः माउस फिरवून पाहिला, मग आईला म्हणाला, "आता बघा, कसा गुणी झालाय." आई न बसताच म्हणाली, "वा, छान झालं हो!" जावयासमोर खुर्चीत बसून चाचपडायचं तिच्या जिवावर आलं असणार. तो घरी पोचतो न पोचतो तोच पुन्हा मला फोन. "त्यांना सांगू नकोस, पण परत तसंच होतंय."

आता खरी गंमत इथून सुरू होते. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांशी इतक्या आदराने वागतात की अडचणीचं एक अक्षर बोलत नाहीत. जे काही असेल ते माझ्यामार्फत. पंडित म्हणायचा, "आईंना विचार, त्यांनी सेटिंग बदललं का?" मी विचारायचे. आई म्हणायची, "मी काहीही बिघडवलेलं नाही म्हणून सांग त्यांना." मी सांगायचे. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांना 'आ करा, मोठा आ करा' सांगत असते. या दोघांनाही खुर्चीत बसवून 'आ करा' म्हणावंसं वाटायचं. निदान तोंडं तरी उघडली असती.

पंडित दुसऱ्यांदा गेला तेव्हा पट्टी पार टोकाला, 'जास्त'वर. तो गंभीर होऊन परत आला. "सेटिंग टिकत नाहीये. आतून कुणीतरी ते शेवटाला नेऊन ठेवतंय."

"कोण नेतंय? भूत?"

"तुला नाही कळायचं. माउस चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ड्रायव्हरचा घोळ असू शकतो."

मग घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला त्याने माउस बदलला. माउसखालची गादी बदलली. बाणाचा वेग वाढवणारी सगळी कलमं बंद केली. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत काय काय टाइप केलं, जगभरच्या लोकांना प्रश्न विचारले, आणि अखेर एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. लॅपटॉप सुरू झाला रे झाला की पट्टी मध्यावर आणून ठेवायची, एवढंच त्याचं काम. "आता कोण हलवतंय बघू," असं तो दम दिल्यासारखं म्हणाला. मला त्या भुताची दया आली.

तरीही आईचा बाण पळतच राहिला.

शनिवारी संध्याकाळी मी सहज फोन केला तर आई भलत्याच शांत आवाजात बोलली. "मी फोटोमास्तरांना कळवलंय. उद्या येऊन फोटो घेऊन जा म्हटलं."

"का?"

"हात गेला गं माझा. त्या यंत्राचा काही दोष नाही. ते बिचारे जावई सारखे खेपा घालतायत आणि मी खोटंच 'छान झालं' म्हणतेय. थरथर माझ्याच हातात आहे. भांडी घासताना, दिवा लावताना, रोज बघते मी हाताकडे. दिसत नाही, पण असणार."

माझा संतापाने नुसता जाळ झाला. तिच्यावर, पंडितावर, त्या ड्रायव्हरवर, सगळ्यांवर. आणि आतून मी घाबरलेही. आईने एवढ्यात हातपाय गाळलेले मी कधी पाहिले नव्हते. रविवारी सकाळीच पंडिताला उठवलं आणि दोघं तिच्याकडे जाऊन थडकलो.

पंडित टेबलाकडे निघाला तर मी त्याला हात धरून मागे ओढलं. "तू हात लावायचा नाहीस. आई, तू बस. रोज जसं सुरू करतेस तसं कर. आम्ही बघतो."

आईने एकदा जावयाकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि बसली. लॅपटॉप सुरू झाला. पंडिताच्या पोराने, म्हणजे त्या प्रोग्रॅमने, इमानदारीत पट्टी मध्यावर आणली. आईने सेटिंग उघडलं, ती पट्टी धरली आणि एका झटक्यात 'जास्त'ला नेऊन टेकवली. अगदी सवयीने, देवघराचं दार लोटावं तशी.

"आई! काय केलंस?"

"कुठे काय? हळू केला."

"कोणाला हळू केला?"

"बाणाला." आई माझ्याकडे मीच खुळी असल्यासारखी बघत होती. "नाजूक काम आहे ना, डोळ्याचं. म्हणून सगळ्यात हळवा करून ठेवते. पहिल्या दिवसापासून. यांनीच सांगितलं होतं, हवी तशी ठेवा म्हणून."

मी कपाळावर हात मारला. पंडित दोन पावलं पुढे आला.

"अहो आई," इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच मधला माणूस टाळून अडचणीचं थेट बोलला, "हळवा म्हणजे हळू नव्हे. हळवा म्हणजे जरासं बोट लागलं की लगेच… म्हणजे हळवा माणूस कसा, खुट्ट झालं तरी त्याच्या डोळ्यात पाणी. तसा तो बाण."

"हळव्याशी हळूच वागतात ना पण?"

"आपण वागतो. तो नाही वागत."

"मग तसं लिहायचं!"

"शब्दकोशात बघा, अर्थ अगदी बरोबर…"

"पंडित," मी माझ्या खास गोड आवाजात म्हटलं, "तू गप्प बस."

पण आईला हसू फुटलं होतं. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी रोज उठून माझ्याच हाताने…"

"आणि मी रोज तुमच्याशी लढायला प्रोग्रॅम लिहीत होतो," पंडित म्हणाला. बिचारा लाजून लाल झाला होता. "माफ करा, आई. विचारायला हवं होतं मी. तुम्हालाच."

"मीही सांगायला हवं होतं. जावयाला काय सांगायचं, म्हणून बसले तोंडाला कुलूप लावून." मग आईने स्वतःच पट्टी धरली आणि बिचकत बिचकत 'कमी'कडे नेली, जवळजवळ टोकापर्यंत. "शब्द गोड आहे हो तुमचा. फक्त उंदराला लावू नका."

तिने फोटो उघडला. तो पुसलेला डोळा मोठा करून घेतला. बाण पापणीच्या कडेवर नेला आणि तिथे थांबली. बाणही थांबला. आईने श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग तिने रेघ ओढली, केसाइतकी बारीक, आणि रेघ जिथे संपायची तिथेच संपली.

त्यानंतर आम्ही दोघं त्या खोलीत आहोत हे ती विसरूनच गेली. जेवायला हाक मारली तर नुसतं "हं" म्हणाली. मी दारात उभी राहून तिच्या हाताकडे बघत राहिले. पंडित बाहेरच्या खोलीत फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता. 'हळवेपणा' काढून 'चपळाई' टाकायचं त्याने ठरवलं होतं आणि आधी विरोध करणाऱ्या त्याच्या तीन मित्रांना आता 'हळवेपणा'च हवा होता.

संध्याकाळी बेल वाजली. फोटोमास्तर. आम्ही सगळे त्यांना साफ विसरलो होतो. ते बूट काढता काढताच समजूत घालायला लागले. "अहो, मनाला लावून घेऊ नका. वयाप्रमाणे व्हायचंच. माझ्या हातात तर कपसुद्धा राहत नाही. मी दुसऱ्या एकाशी बोलून ठेवलंय, उद्या देतो त्याच्याकडे…"

"जरा हळू चाला," आई पाठमोरी म्हणाली. "टेबल हलतं."

फोटोमास्तर जागच्या जागी उभे राहिले. मग पाय न वाजवता तिच्या खुर्चीमागे आले. पडद्यावर ती बाई होती. गालावर अजून डाग होता, कोपरा फाटलेला होता, पण तिला दोन डोळे होते आणि त्या दोन्ही डोळ्यांनी ती समोर बघत होती. फोटोमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय जावयांनी?"

पंडित खाली मान घालून हसला. फोटोमास्तर पडद्याकडे आणखी वाकले. मग म्हणाले, "मी तर न्यायला आलो होतो. आता त्या दुसऱ्या माणसाला काय सांगू?"

आईने माउसवरचा हात काढला नाही. "त्याला सांगा, तिचा हात चांगला आहे. आणि तुम्ही चहा घ्या न् रिकाम्या हाताने जा. अजून गाल राहिलाय माझा."