विझलेल्या कोळशाचं काय करायचं

बँकवाल्या बाईंच्या पायपुसण्याखाली काळ्या दोऱ्यात गुंडाळलेले कोळसे सापडले आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचा परदेशी जायचा अर्ज नामंजूर होऊन आला. आमच्या इमारतीत कोळसा एकाच ठिकाणी असतो, जिन्याखाली, आमच्या इस्त्रीच्या टपरीत. बाई तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली उतरल्या आणि ते पुडकं माझ्या टेबलावर आपटलं. टेबलावर नुकतीच इस्त्री झालेली पांढरी चादर होती.

"हे तुमचं."

"कोळसा आमचा असेल, दोरा आमचा नाही," मी म्हटलं. माझं लक्ष चादरीकडे होतं. ती आता परत धुवायला जाणार होती, आणि धुलाई माझ्याच माथी बसणार होती.

"म्हणजे कबूल आहे तर. कुणाला दिलात?"

"मी कुणालाच देत नाही हो. मलाच पुरत नाही."

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण मागे स्टुलावर माझ्या जाऊबाई बटणं लावत बसल्या होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "अगं, दिला असेल मी कुणाला तरी. येतात, मागतात. एवढासा तुकडा, त्याला काय नाही म्हणायचं?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच जाऊबाईंना बोलायला लावलं होतं. "रविवारी सोसायटीची सभा आहे," त्या म्हणाल्या. "टपरी राहते का जाते ते तिथेच ठरवू." आणि पुडकं तिथेच टाकून वर गेल्या.

ती टपरी म्हणजे आम्हा दोघींचं सगळं काही. दोघींचे नवरे गेले. जाऊबाई मोठ्या, पण त्यांचा हात कोपरात मोडून वाकडा बसला, त्यामुळे इस्त्री उचलणं त्यांना जमत नाही. कोळशाची इस्त्री भरली की चांगली जड होते. तो भार आयुष्यभर माझ्याच खांद्यावर. बटणं, कपडे मोजणं, गिऱ्हाइकांशी गप्पा हे त्यांचं खातं. त्यांना सगळी इमारत ओळखते. मला फक्त माझ्या घड्यांवरून ओळखतात. टपरी गेली तर या वयात मला दुसरी जागा कोण देणार, आणि त्यांना कोण सांभाळणार, हे दोन्ही प्रश्न माझेच होते. त्या तर निवांत दुसरं बटण शोधत होत्या.

"जाऊबाई, कुणाला दिलात कोळसा?"

"आठवतं का मला? तू मेलीने सारखं विचारलंस तर आणखी विसरेन."

खरा चीड आणणारा भाग असा की पायपुसण्याखाली ते ठेवलं कुणी, हे कुणी विचारलंच नाही. आजपर्यंत नाही. चौकशी सगळी कोळसा कुठून आला याची.

याचं मूळ आमच्या सासूबाईंपर्यंत जातं. टपरी त्यांची. तेव्हा रस्त्यावर आणखी इस्त्रीवाले होते आणि गिऱ्हाईक इकडून तिकडे पळायचं. सासूबाईंनी एक गोष्ट पसरवली: आमचा कोळसा साऱ्या घरांच्या कपड्यांवरून फिरतो, त्यामुळे त्याला सगळी माणसं ओळखीची असतात. झालं, बायका पदराआड वाटी घेऊन यायला लागल्या. कुणाचा नवरा बाहेर रमायचा, ती उंबऱ्यावर कोळशाची रेघ ओढायची. कुणी खापरीवर कोळशाने वैरिणीचं नाव लिहून खापरी पालथी पुरायची. कुणाचं मूल रडून रडून हैराण करायचं, मग पेटता कोळसा पाण्यात टाकून बघायचं. बुडाला तर नजर लागली, तरंगला तर पोट दुखतंय. सासूबाई कोळसा द्यायच्या, पण फक्त ज्यांचे कपडे आमच्याकडे यायचे त्यांनाच.

मी नवी होते तेव्हा त्यांना एकदा विचारलं होतं, खरंच होतं का हो काही? त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक टिकतं ना? मग झालं." त्या दिवसापासून माझ्यापुरता तो विषय संपला. जाऊबाईंना हे सांगितलं की त्या म्हणतात, "तुला भीती वाटू नये म्हणून तसं म्हणाल्या असतील."

मला वाटलं होतं, ती पिढी गेली की हे खूळही जाईल. कसलं जातंय. आता ते मोबाईलवर येतं. दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरवर काम करणारा एक मुलगा राहतो, शिकलेला, गोड बोलणारा. तो मागच्या वर्षी काचेचा वाडगा घेऊन आला होता.

"मावशी, दोन-चार कोळसे द्या ना. घरातली निगेटिव्हिटी ओढून घेतात."

"ती काय असते?"

"म्हणजे बघा, फ्रिजमधला वास कोळसा ओढतो ना? तसंच. विज्ञान आहे त्यात."

"मग तू फ्रिजमध्ये बस."

तो हसला, मी इस्त्रीतली राख झाडायला वळले, तेवढ्यात जाऊबाईंनी त्याचा वाडगा भरून दिला होता. त्याच्या ऑफिसात म्हणे आता टेबलाखाली कोळशाच्या पिशव्या असतात, आणि साहेबाच्या खुर्चीखाली जरा मोठी. नाव बदललं, वाटीचा वाडगा झाला. मागणारे तेच.

रविवारच्या आधी मी ठरवलं की कोळसा कुणाच्या हाती लागेल असा ठेवायचाच नाही. आमच्याकडे संध्याकाळी इस्त्री विझवली की अर्धवट जळलेले कोळसे पत्र्याच्या डब्यात काढून ठेवतो, सकाळी तेच परत पेटवतो. मी डब्याला कुलूप घातलं. दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला गेले तर बायका बोलत होत्या: आता कुलुपात ठेवते, म्हणजे काहीतरी असणार.

मग कुलूप काढलं आणि डबा बादलीत ओतला. कोळसे पाण्यावर तरंगत राहिले. पहिल्या मजल्यावरच्या आजी काठीवर रेलून बघत होत्या. "कुणाचं बघतेस गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणाचंच नाही, विझवतेय." त्या म्हणाल्या, "विझलेलेच तर दिसतायत."

मग ते ओले कोळसे पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीवर नेले. गाडीवाला पिशवीत डोकावला.

"हे ओल्यात की सुक्यात?"

"आहेत कोळसे, आता ओले झालेत. कशातही टाका."

तो दोन पावलं मागे झाला. "वहिनी, राग मानू नका. माझ्या गाडीत नको. घरी लहान पोरं आहेत माझी."

सबंध शहराची घाण उचलणारा माणूस, मेलेले उंदीर उचलतो, आणि माझे कोळसे त्याला चालेनात. मी पिशवी परत घेऊन आले. काय करायचं त्याचं? जाळून राख केली तर राख कुठे टाकायची हा पुढचा प्रश्न. जाऊबाई म्हणाल्या, "तू उगाच नाचतेयस म्हणून लोक बघतायत. गप्प बस, विसरतील."

मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मला वाटलं, एकदाचं लिहूनच टाकावं, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. खडू शोधला, मिळाला नाही. हातात होतं ते घेतलं आणि जिन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथले कोळसे करणीसाठी मिळणार नाहीत.

कोळशाने लिहिलं. लिहून मागे सरकून वाचलं, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. प्रकाश पाडला तो जाऊबाईंनी. त्या चहाचा कप हातात घेऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि इतक्या हसल्या की चहा हिंदकळला.

"कशानं लिहिलंस?"

मी पुसायला गेले तर सगळं फरफटून काळं झालं, आणि त्या काळ्यातून एकच शब्द धड राहिला: करणीसाठी. संध्याकाळपर्यंत ज्यांना आमच्या कोळशाबद्दल कधी काही ठाऊक नव्हतं असेही दोघं-तिघं येऊन हळूच विचारून गेले, की मिळत नाहीत म्हणजे कुणालाच नाही, की ओळखीच्यांना मिळतात?

रविवारी सभा गच्चीवर झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, वरून ऊन. सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज खालच्या पट्टीतला. ते म्हणाले, "मावशी, आपल्यापैकी कुणाचाही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आपण सगळी शिकलेली माणसं आहोत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बँकवाल्या बाईंनीही.

"पण मनाची शांती म्हणून," ते पुढे म्हणाले, "कोळसा इमारतीत नको. तुम्हाला विजेची इस्त्री चालेल का? जिन्याखाली प्लग देतो."

मी कितीतरी वर्षं त्या प्लगसाठी यांच्या दाराशी उभी राहत होते. दर वेळी 'बघू' म्हणायचे. विजेची इस्त्री हलकी. माझा खांदा सुटला असता. मी म्हटलं, "उद्यापासून चालेल. आजपासून चालेल."

विषय संपला होता. मी उठतही होते. तेव्हा बँकवाल्या बाई म्हणाल्या, "पण आधी जे झालंय त्याचं काय?"

"काय झालंय?" मी विचारलं.

"कोळसा सगळ्यांच्या कपड्यांवरून फिरलाय. सगळ्यांना ओळखतो. तो नुसता बंद करून कसं चालेल? ज्यांनी सुरू केलं त्यांनीच मोडायला हवं. प्रत्येक दारावर तुमच्या हाताने एक रेघ ओढा आणि म्हणा, परत घेतलं. मग प्लग घ्या."

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला काढला. कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणाला, "मावशी, मानसिक समाधान असतं. करून टाका ना, पाच मिनिटांचं काम."

"अहो, मी काही केलंच नाही, तर परत काय घेऊ? मी रेघ ओढली म्हणजे मी ते मानते असं झालं. उद्या कुणाचा पाय मोडला की रेघ वाकडी होती म्हणाल. मी नाही ओढणार."

"बघा," बाई शेजारणीला म्हणाल्या, अगदी शांतपणे. "ज्याला खरं येतं तोच नाही म्हणतो."

काहीही बोलले तरी ते त्यांच्याच पारड्यात जाणार होतं. सेक्रेटरी म्हणाले, "मग मतदान घ्यावं लागेल," आणि कुणीही माझ्या नजरेला नजर देईना.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. जाऊबाई उठल्या. "हिला कशाला छळता? ही धाकटी. सासूबाईंनी जे शिकवलं ते मला शिकवलं. चला, मी ओढते."

सासूबाईंनी त्यांना साधा चहा करायलाही शिकवलं नव्हतं. पण त्या चांगल्या हातात कोळसा घेऊन वरच्या मजल्यापासून निघाल्या आणि मागे सगळी सभा. प्रत्येक दाराशी वाकायच्या, डोळे मिटायच्या, ओठ हलवत काहीतरी पुटपुटायच्या आणि उंबऱ्यावर रेघ मारायच्या. लोक बाजूला उभे राहून हात जोडत होते. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. दुसऱ्या मजल्यावर त्या पुटपुटत होत्या: "चार शर्ट, एक पँट, पडद्याचं टोक उसवलंय." बँकवाल्या बाईंच्या दारात: "चादर काळी झाली, परत धुवायची, कॉलरला बटण नाही."

बाईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांनी जाऊबाईंचा वाकडा हात दोन्ही हातांत धरला. मला त्यांची दया यायला हवी होती, मुलाची काळजी खरी होती त्यांची. पण मला फक्त घाम येत होता आणि राग.

"जाऊबाई, हे काय केलंत?" खाली आल्यावर मी विचारलं.

"टपरी वाचवली. नुसतं खरं बोलून वाचत होती का?"

प्लग मिळाला. विजेची इस्त्री आली, लाल दिव्याची, एका हाताने उचलता येते अशी. पहिल्या दिवशी बँकवाल्या बाईंच्या घरून कपडे आले, वर निरोप: हे थोरल्या बाईंच्या हातचेच हवेत. धाकटीने हात लावू नये, तिने रेघ ओढायला नकार दिला होता. दुपारपर्यंत तीन घरांतून तोच निरोप. कॉम्प्युटरवाला मुलगा स्वतः येऊन म्हणाला, "मावशी, मला काही फरक पडत नाही, पण घरचे म्हणतात."

जाऊबाईंच्या हातून इस्त्री होत नाही. त्यांनी एक शर्ट करून पाहिला, खिसा जाळला. म्हणून टपरीच्या मधोमध आम्ही जुन्या चादरीचा पडदा लावला. पुढे त्या बसतात, कपडे घेतात, चौकशी करतात, कुणाला काय सांगायचं ते सांगतात. पडद्याआड मी इस्त्री करते, कुणाला कळू न देता. घड्या माझ्याच, त्या ओळखणारे आता म्हणतात की थोरलीच्या हातात केवढी कला होती, इतकी वर्षं लपवून ठेवली.

काल उकाड्यात माझ्याच्याने राहवलं नाही. मी आतून विचारलं, "जाऊबाई, तिसऱ्या मजल्याचा निळा शर्ट कुठे ठेवलात?"

पडद्यापलीकडून त्यांचा दबका आवाज आला. "हळू बोल गं. गिऱ्हाईक उभं आहे."