रेंज पूर्ण होती

मित्रांनो, माझा पाचचा आकडा झिजून गेला आहे, काचेवर एक आडवी चीर आहे आणि पाठीवरचे झाकण रबर लावून बसवलेले आहे. एवढे ऐकल्यावर मी बटणांचा जुना फोन आहे, हे वेगळे सांगायला नको. माझ्यावर सिनेमे दिसत नाहीत. माझ्यात नकाशे नाहीत. मला दोनच कामे येतात. आलेला कॉल पोचवायचा, आणि तो आला आहे हे मालकाला कळवायचे. यातल्या दुसऱ्या कामाची ही हकिकत आहे.

पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी सगळी बटणे दाबून पाहिली. मग माझ्या पोटात बसवलेली वाटाण्याएवढी मोटर तिने चालू केली आणि मी टेबलावर थरथरत सरकू लागलो. "याला थंडी वाजतेय बघ," असे ती शेजारणीला म्हणाली. माझ्याविषयी कोणी बोललेले ते पहिले वाक्य.

मला विकत घेतले ते मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने. एका गल्लीच्या तोंडाशी त्याचे गॅरेज होते आणि मागच्या खोलीत घर. बायको वारली होती. एकुलती एक लेक शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली होती. लहानपणी ती गल्लीतल्या पोरांना बदडून यायची म्हणून तो तिला बंडू म्हणे, आणि ती मोठी झाली तरी म्हणतच राहिला. या बंडूशी बोलता यावे म्हणूनच त्याने मला घेतले. महिन्याला सगळ्यात लहान रिचार्ज करी, आणि तो त्याला पुरून उरे.

माणूस कामाचा पक्का होता. कोणी गिऱ्हाईक "मिस्त्री, बॅटरी बदलून टाका" म्हणत आले की हा भडकलाच. "आधी दोष सापडू दे की! पार्ट काय पळून चाललेत?" मग तो लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावी, मूठ कानामागच्या हाडाला टेकवी, डोळे मिटी आणि दोष कुठे आहे ते सांगे. "कान असावा तर मिस्त्रींसारखा," असे लोक म्हणत. मी त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात असे. ते कौतुक मी बरीच वर्षे ऐकले.

मित्रांनो, तो कान हळूहळू गेला. आधी त्याने माझा आवाज एकेक करून शेवटच्या पायरीपर्यंत चढवला. मग तो मला कानावर इतका दाबून धरू लागला की माझी बटणे त्याच्या गालावर उमटत. स्क्रूड्रायव्हरमधून इंजिन अजून स्वच्छ ऐकू येई, ते हाडातून येते म्हणून. हवेतून येणारे माणसाचे बोलणे मात्र पोचेना. समोरचा बोलत असला की तो ओठांकडे बघून बरेचसे ओळखी. फोनला ओठ नसतात.

म्हणून त्याने एक युक्ती काढली. गिऱ्हाइकाचा फोन आला की, "गाडी घेऊन या, बघून सांगतो." हे उत्तर कुठल्याही गाडीला चालते. लेकीचा फोन आला की, "बरं बरं. छान छान. जेवलीस का?" आणि ती काही बोलून थांबली की, "काळजी घे हं." काम भागत होते. वाजलेला मी त्याला कधीच ऐकू येत नसे, पण माझी ती वाटाण्याएवढी मोटर छातीशी थरथरे आणि त्याला कळे.

हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. पाने-पकडी पुसता पुसता तो स्वतःशी बोले, आणि हल्ली बराच मोठ्याने बोले, म्हणून मला ठाऊक. "गिऱ्हाइकांना कळलं की ती जातील. बंडूला कळलं की ती गॅरेजला कुलूप लावून मला घेऊन जाईल, आणि तिथे मी बाल्कनीत बसून काय करू? रस्ता मोजू?" एवढीच त्याची भीती होती. पण ती चोवीस तास त्याच्याबरोबर असे.

एके संध्याकाळी बंडूचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता. ती म्हणाली, "बाबा, माझी नोकरी गेली."

"वा वा! छान छान," तो म्हणाला. "जेवलीस का?"

ती नुसते "हो" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मित्रांनो, मी दोघांच्या मध्ये होतो आणि मला दोन्हीकडचे ऐकू आले होते. पण मध्ये बोलायची आम्हाला सोय नाही.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. त्यातच एक दिवस तो एका गाडीखाली वाकला आणि मी खिशातून निसटून जळक्या ऑइलच्या ट्रेमध्ये पडलो. त्याने मला उचलले, पुसले, पडद्यावर उजेड आला हे पाहिले आणि परत खिशात टाकले. पोटातली मोटर ऑइलने चिकटून बसली होती, हे त्याला दिसले नाही. त्या दिवसापासून मी वाजत असे, पण थरथरत नसे. बंडूने फोन करावा, मी खिशात बोंब मारावी आणि याने शांतपणे चेन घट्ट करत बसावे, असे सुरू झाले.

शेवटी ती स्वतःच येऊन उभी राहिली. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, फोन का उचलत नाही तुम्ही? माझा जीव टांगणीला लागतो तिकडे!"

"रेंज नसते गं," तो म्हणाला.

माझ्या डोक्यावर रेंजच्या सगळ्या काड्या ताठ उभ्या होत्या. पण खिशात कोण बघतो?

"मग कंपनी बदलू. चांगला प्लॅन घेऊ. पैसे मी भरते," बंडू म्हणाली. तो लगेच हो म्हणाला. एका नट-बोल्टसाठी दुकानदाराशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस, आणि तो लगेच हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेले. भिंतीवर प्लॅनचा भलामोठा बोर्ड होता. काउंटरमागे चष्मा कपाळावर सरकवलेली एक बाई बसली होती. तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले, बटणे दाबून रिचार्जची शिल्लक पाहिली आणि काउंटरवर ठेवले.

"दिवसाला किती बोलता, काका?" तिने विचारले.

तिचे ओठ त्याला नीट दिसत होते. "खूप," तो म्हणाला.

"आणि नेट?"

"तेही लागतं."

"यांना सगळ्यात वरचा प्लॅन द्या," बंडू म्हणाली. "अमर्याद कॉल, रोजचं नेट, सगळं असलेला." हे बोलताना तिचा हात पर्समध्ये गेला आणि तिथेच थांबला. तिचा पगार बंद झाला आहे हे त्या दुकानात दोघांनाच माहीत होते, तिला आणि मला.

बाईने चष्मा खाली ओढला. "हे बघा, मला काय, मी देईन. पण उद्या भांडायला माझ्याकडेच याल तुम्ही. या फोनवर हे नेट चालणारच नाही. ते फुकट गेलं. सध्याचा प्लॅन लहान आहे, तोही यांचा संपत नाही, आत्ताच पाहिलं मी. मग मोठा घेऊन करणार काय? बोर्डावर जे जास्त दिसतं ते स्वस्त नसतं हो. जे वापरलं जातं, ते स्वस्त."

"पण फोन लागत नाही ना यांचा!"

"लागत नाही की उचलत नाहीत? त्यात फरक आहे. नंबर सांगा, आत्ता लावून बघते."

मिस्त्री तोवर पाठ फिरवून बोर्ड वाचायला लागला होता. हे बोलणे त्याने पाहिले नव्हते, म्हणजे ऐकले नव्हते. बंडूने नंबर सांगितला. बाईने कॉल लावला.

आणि मी वाजलो. शेवटच्या पायरीवरचा माझा आवाज म्हणजे साधे काम नव्हे. काउंटरची काच किणकिणली. दारातला एक माणूस दचकला आणि म्हणाला, "काका, फोन वाजतोय तुमचा!" मिस्त्री बोर्डावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून पुढे वाचत होता. मी पुन्हा वाजलो. बाईने माझ्या पडद्याकडे बघितले, काड्या बघितल्या आणि मला बंडूच्या दिशेने वळवले. बंडू एकदा माझ्याकडे बघे, एकदा बापाच्या पाठीकडे. मी पूर्ण वाजून थांबलो.

मग बंडू चालत गेली आणि बाप आणि बोर्ड यांच्या मध्ये उभी राहिली. तिने तोंड उघडले आणि विचारले, "बाबा, ऐकू येतंय ना?"

मित्रांनो, हे तिने आवाज न काढता विचारले. नुसते ओठ हलवले.

"हो, येतंय की," मिस्त्री म्हणाला.

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले, मग मागे वळून काउंटरवर चुकलेला कॉल दाखवत उजळलेल्या माझ्याकडे पाहिले. काय झाले ते त्याला उमगले आणि त्याची मान खाली गेली.

"जुनाच प्लॅन राहू द्या," बंडू बाईला म्हणाली.

आम्ही गॅरेजवर परतलो. आत आल्यावर तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आता कुलूप लावायला लावशील."

"कोण म्हणालं?" ती त्याच्या समोर बसली, तोंड उजेडाकडे करून. "कानाच्या डॉक्टरकडे मात्र उद्याच जायचं."

"बघू."

"बघू नाही. जायचं!" मग तिला काहीतरी आठवले. "पण बाबा, पूर्वी उचलायचात की फोन. तेव्हा कसं कळायचं?"

"तेव्हा हा थरथरायचा. छातीला कळायचं." त्याने मला खिशातून काढले आणि एखाद्या नव्या गिऱ्हाइकाच्या गाडीकडे बघावे तसा माझ्याकडे बघत राहिला. "हल्ली थरथरत नाही हा," तो सावकाश म्हणाला. "आणि मी गाढव प्लॅन बदलायला निघालो होतो!"

त्याने सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हर घेतला. माझे झाकण निघाले, मग आतले पातळ कवच. मोटर वाळक्या ऑइलने काळी झाली होती. त्याने ती ब्रशने धुतली, फुंकली, पुन्हा बसवली. झाकणाला रबर लावले ते तेव्हाच.

"आता गल्लीच्या टोकाला जा आणि फोन लाव," तो म्हणाला. "इथून नको. पुन्हा नुसते ओठ हलवून फसवशील."

ती गेली. मी खिशात होतो. कॉल आला आणि मी थरथरलो, अगदी त्या कारखान्यातल्या टेबलावर थरथरलो होतो तसाच. त्याचा हात चटकन छातीकडे गेला. त्याने मला कानाला लावले.

समोर माणूस नसले की काही गोष्टी बोलायला सोप्या जातात. बंडूने मान दुसरीकडे वळवली असावी. ती हळूच म्हणाली, "बाबा, माझी नोकरी गेली."

"बरं ब—" सवयीने त्याच्या तोंडून निघाले. मग तो अडखळला. इतक्या वर्षांत जे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, ते तो बोलला.

"बंडू, मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

"माझी नोकरी गेली!"

"नाही आलं. मोठ्यानं."

"बाबा, माझी नोकरी गेली!" ती ओरडली. माझ्यातून ओरडली, हवेतून ओरडली. समोरच्या शिलाईच्या दुकानातले मशीन थांबले. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. सगळ्या गल्लीला कळले आणि सगळ्यात शेवटी तिच्या बापाला.

तो मला हातात तसाच धरून बाहेर आला. ती टोकाकडून चालत येत होती, फोन अजून कानालाच.

"कधी?" त्याने विचारले.

"तीन महिने झाले."

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"सांगितलं होतं, बाबा."

तो बघतच राहिला. "मग मी काय म्हणालो?"

"छान छान म्हणालात."

मिस्त्रीचे डोळे भरून आले. त्याने ते ऑइलने माखलेल्या बाहीने पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला. "आणि तू माझ्या प्लॅनचे पैसे भरायला निघाली होतीस!"

"तुम्ही भरूही देत होतात की," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

त्याने तिला हात धरून आत नेले आणि स्टुलावर बसवले. समोर वाकून तिच्या तोंडाकडे नीट बघत विचारले, "जेवलीस का?"

हा प्रश्न मी त्याच्या तोंडून हजारदा ऐकला आहे. उत्तरासाठी विचारलेला पहिल्यांदाच ऐकला.

"नाही," ती म्हणाली.

आता त्याच्या कानामागे एक छोटे यंत्र बसले आहे. ते माझ्यापेक्षा लहान आहे, माझ्यापेक्षा महाग आहे, आणि रोज रात्री त्याला मऊ फडक्यात ठेवतात. मला रबर पुरते. थोडा हेवा वाटतो, नाही असे नाही. गॅरेज चालू आहे. बंडूला दुसरे काम मिळाले, तेही तिने आधी मलाच सांगितले. प्लॅन तोच आहे, सगळ्यात लहान, आणि तो आता महिनाअखेरीस संपू लागला आहे.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. माझी बॅटरी फुगत चालली आहे. जाण्यापूर्वी एवढेच मागणे आहे. घरातल्या मोठ्या माणसांसाठी प्लॅन निवडायला जाल, तेव्हा बोर्ड वाचण्याआधी घटकाभर त्यांच्या समोर बसा. ते किती बोलतात ते विचारा, आणि त्यांना किती ऐकू येते तेही विचारा. आणि कोणी तुमच्या प्रत्येक बोलण्याला "बरं बरं" म्हणू लागले, तर आमच्यावर चिडून कंपनी बदलू नका. आमची रेंज बहुतेक वेळा पूर्ण असते.