खटक्याला तेल

जरा डोळे मिटा, बाळांनो, आणि उजव्या हाताची मूठ वळा. त्या मुठीत घडीचा चाकू आहे असं समजा. पातं उघडलेलं आहे आणि तुमची चार बोटं बरोबर त्या खाचेवर आहेत, जिथं पातं मिटल्यावर जाऊन बसतं. आता बोटं हळूच काढून घ्या आणि त्यांच्या जागी एक गाजर सुतळीनं बांधा. बांधलंत? आता उघडा डोळे आणि बघा.

गुरुबसप्पांनी चाकूची मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली, पात्याची बोथट पाठ लाकडी ठोकळ्यावर टेकवली आणि भार दिला. काही झालं नाही. मग जरा जोर लावला. मुठीतून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, पातं उलटं फिरून खाचेत गेलं आणि गाजराचा तुकडा पडून पायरीपर्यंत घरंगळला.

“तिसरी बारी,” ते म्हणाले. “ह्या महिन्यातली तिसरी बारी हाय ही.”

पायरीवर सृष्टी बसली होती. सातवीतली मुलगी, अंगात अजून शाळेचा गणवेश, दप्तर मांडीवर. तिनं तुकडा उचलला, त्यावर फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

“खातीस काय? तुझ्या अक्काचं बोट हाय ते.”

सृष्टीचं चावणं थांबलं.

भवानी पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात गुरुबसप्पा चाळीस वर्षं धार लावत होते. पेठेतल्या सगळ्या पोरांचे ते अज्जा. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांच्या कात्र्या त्यांच्याकडे पोत्यानं येत. एखादी कात्री तक्रार घेऊन परत आली, तर त्यांना त्या दिवशी भाकरी गोड लागत नसे. आणि हा चाकू! गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला, लाल मुठीचा, मुठीवर वाघाचं चित्र. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी स्क्रू आवळून दिला. दुसऱ्यांदा आतली पट्टी काढून, सरळ करून बसवली. दोन्ही वेळा हातातून सोडण्याआधी ठोकळ्यावर दहा-दहा वेळा दाबून बघितला होता. दोन्ही वेळा पंधरवडा होतो न होतो तोच पोरगी हजर. “अज्जा, परत हलतंय.”

“खेळतं कोन ह्याच्याशी?”

“कोन न्हाय. अक्काच्या पर्समध्येच असतो.”

“ती उघडमीट करत असंल सारखी.”

“एकदाच उघडला तिनं. नख तुटलं. तवापासनं हात न्हाय लावत.”

“मग काय हा पर्समध्ये बसून झिजतोय? तिकिटं फाडतोय व्हय आत?”

सृष्टीला हसू आलं, पण अज्जांचा चेहरा बघून तिनं ते गाजरासोबत गिळलं.

गुरुबसप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि स्क्रू काढायला घेतले. मुठीच्या दोन्ही बाजू वेगळ्या करून त्यांनी त्या वर्तमानपत्रावर ठेवल्या. मग पट्टी बोटात धरून तिला दाखवली.

“हितं बघ. पातं उघडलं की ही पट्टी आतनं सरकती आन् पात्याच्या बुडाला आडवी उभी राहती. दाराला आतनं पाय लावून उभं राहावं तशी. ह्यालाच खटका म्हनायचं. हिनं पाय सोडला की पातं मिटलं. मग बोटं कुनाची हायेत, ते चाकू बघत न्हाय.”

सृष्टी मान लांब करून बघत होती, पण तिची नजर पट्टीवर नव्हती. ती वर्तमानपत्रावर होती. मुठीखाली कागदावर एक डाग पसरत चालला होता आणि मागच्या पानाची अक्षरं त्यातून दिसू लागली होती.

गुरुबसप्पांनी तो डाग बोटानं टिपला आणि वास घेतला.

“तेल,” ते म्हणाले. मग आवाज चढला. “तेल कुनी घातलं ह्याला?”

“अप्पांनी.”

“कवा?”

“दर रविवारी. सकाळी कारखान्यात मागांना तेल घालून येतात. मग ती कुपी घरी आनतात आन् ह्याला घालतात. उन्हात धरून बघतात. पुसतात. परत घालतात.” तिला वाटलं, वडिलांची बाजू थोडी कमी पडली. “लई मन लावून घालतात, अज्जा.”

गुरुबसप्पांनी दोन्ही हात कपाळाला लावले. महिनाभर ते त्या वाघाला शिव्या घालत होते, जत्रेतल्या विकणाऱ्याला शिव्या घालत होते, स्वतःच्या म्हाताऱ्या बोटांवर संशय घेत होते. आणि इकडे सृष्टीचा बाप बसलिंगप्पा, पंचवीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस, लोखंडाला लोखंड घासलं की तेल सोडायचं एवढंच ज्याच्या हाताला ठाऊक, तो नेमानं त्या पट्टीचा पाय घसरवून ठेवत होता.

“पट्टीला अडायचं असतं, पोरी. कोरडं राहून अडायचं. तिला तेल काय घालतो हा!”

त्यांनी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि एकेक तुकडा रगडून पुसला. पुन्हा जोडला. नवीन गाजर बांधलं. डब्यात दुपारचं तेवढंच उरलं होतं. दाबलं. पातं जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सृष्टी मोठ्यानं मोजायला लागली. आठ झाले आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. नवव्याला ‘टिक्’ झालं.

सृष्टीनं पडलेला तुकडा उचलून ठोकळ्यावर ठेवला.

गुरुबसप्पांनी पट्टीची कड भिंगाखाली धरली. घसरून घसरून ती गोल झाली होती.

“संपला हा,” ते म्हणाले. “आठदा धरतो, नवव्यांदा सोडतो. रोज सोडनारा परवडला, निदान कळतं तरी.”

“अज्जा,” सृष्टी हळूच म्हणाली, “अप्पांना सांगू नका की.”

“का?”

तिनं दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. चंद्रिकाअक्का मेडिकलच्या दुकानात कामाला लागली, तेव्हा घरात मोठं भांडण झालं होतं. दुकान साडेसातला सुटतं. येताना बंद गिरणीच्या भिंतीकडेनं यावं लागतं, तिथले दिवे कधी लागतात, कधी नाही. एकदा दोन पोरं गाडीवरून शिट्ट्या मारत मागं आली होती. अप्पा म्हणाले, काम सोड. अक्का म्हणाली, नाही सोडणार. शेवटी अप्पांनी जत्रेतून चाकू आणून देव्हाऱ्यासमोर ठेवला. हा पर्समध्ये असेल तर जा, नाहीतर घरात बस. अक्कानं चाकू उचलला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. शनिवारी रात्री अक्का चाकू कट्ट्यावर ठेवते, रविवारी अप्पा त्याला तेल घालतात, सोमवारी ती उचलून नेते.

“चाकू खराब हाय म्हनलं की ते तिला घरात बसवतील. तिला फार्मसीला जायचंय, अज्जा. पैसे साठवतीय ती.”

गुरुबसप्पा चिंधीनं बोटं पुसत राहिले. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. बसलिंगप्पा आला होता. कारखान्यातून सुटून, हात धुऊन, केस विंचरून आला होता, पण नखांच्या कडेनं तेलाची काळी रेघ तशीच होती. त्यानं चपला भिरकावल्यासारख्या काढल्या. एक सरळ पडली, एक उलटी.

“उलटी चप्पल,” गुरुबसप्पा म्हणाले. “म्हंजे भांडायच्या तयारीनंच आलास.”

“भांडन कसलं अण्णा, पन तीन बाऱ्या झाल्या. न्हाय जमत तर सांगा की. दुसऱ्या कुनाकडं देतो.”

“मला न्हाय जमत?” गुरुबसप्पांचा आवाज पलीकडच्या दुकानापर्यंत गेला. “मी पुसून देतो, तू बुडवून ठेवतोस! खटक्याला तेल घालतं का रे कुनी?”

“तेलाशिवाय लोखंड? पंचवीस वर्षं माग दुरुस्त करतोय मी. तेल न्हाय घातलं तर सूत घेऊन पळनारा धोटा जागचा हलत न्हाय.”

“धोट्यानं पळायचं असतंय, बसू! ह्यानं जागचं हलायचं न्हाय! तुला फरक कळतोय का?”

“म्हंजे माझीच चूक? पंधरा दिवसांपूर्वी पट्टी तुमीच काढलीत.”

“आता ऐक ह्याचं! सृष्टी, मी काय वेडा हाय का गं?”

“अप्पा, तेलच हुतं,” सृष्टी म्हणाली. “कागदावर उतरलं.”

“तू सुम्म कूड,” बसलिंगप्पानं तिला गप्प बसवलं.

सृष्टीची नजर अज्जांवर खिळली होती. गुरुबसप्पांना ती नजर कळत होती. ‘झालाय नीट, घेऊन जा,’ एवढं म्हटलं की आजचा दिवस निभावला असता. पोरीचं काम राहिलं असतं. त्यांनी चाकू उचलला, पातं उघडलं, गाजराचा उरलेला तुकडा खाचेवर बांधला आणि मूठ बसलिंगप्पासमोर धरली.

“पाठ ठोकळ्यावर टेकव आन् दाब. बोटं न्हाय घालायची तिथं. गाजर हाय.”

बसलिंगप्पानं दाबलं. पातं टिकलं. त्यानं मान वर केली. “बघा. झकास हाय की.”

“अजून.”

दुसऱ्यांदा टिकलं. तिसऱ्यांदा टिकलं. चौथ्यांदा त्यानं चिडून हाताचा सगळा भार टाकला आणि पातं मिटलं. गाजर एका घावात तुटलं. त्याची कापलेली बाजू इतकी गुळगुळीत होती की तिच्यावर पाणी चमकत होतं.

बसलिंगप्पा त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपल्याच उजव्या हाताची बोटं एकदा उघडली आणि मिटली.

“पाच रविवार,” तो म्हणाला. “पाच रविवार मीच घातलं.”

गुरुबसप्पांना वाटलं होतं की हे कबूल झालं की आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही.

“दुसरा घेतो,” बसलिंगप्पा म्हणाला. “भारीतला. मोबाईलवर दाखवतात बघा, पोरगी एका झटक्यात उघडती...”

“ही न्हाय उघडत. हिचं नख तुटतं. आन् अंधारात मागं कोनतरी आल्यावर पर्सची चेन काढायची, ह्याला शोधायचं, उघडायचं, आन् खटका धरला का न्हाय ते चाचपायचं? तोवर ते थांबनार हायेत का, व्हय?”

“मग राहूदे.” बसलिंगप्पानं चाकू ठोकळ्यावर आपटल्यासारखा ठेवला. “उद्यापासनं काम बंद. बसू दे घरात.”

“अप्पा!”

“बंद म्हनलं न्हवं!”

“न्हाय म्हनजे न्हाय!” सृष्टी उभी राहिली तसं मांडीवरचं दप्तर पायरीवर पडलं. “खटका बिघडलाय तर तिला का कोंडताय? तिनं काय केलं?”

बाहेरून जाणारा एक माणूस थांबला, आत बघून पुढं गेला.

गुरुबसप्पांनी जमिनीवरचे गाजराचे तुकडे गोळा केले. त्यांना या खुळ्या बापाचा आणि त्याच्या थोरल्या लेकीचा इतका वैताग आला होता, की आवाज चढवायचंही बळ उरलं नव्हतं.

“ती कवा सुटती?”

“साडेसातला,” बसलिंगप्पा म्हणाला.

“आन् तू?”

“सहाला.”

“मग दीड तास काय करतोस?”

उत्तर सृष्टीनं दिलं.

“चहा पितात. मग दारात उभे राहतात. आठला अक्का कोपऱ्यावर दिसली की आत जातात आन् टीव्ही लावतात.”

बसलिंगप्पानं मुलीकडे असं बघितलं, जणू तिनं त्याचा खिसाच उलटा केला होता.

“रोज?” गुरुबसप्पांनी विचारलं.

“रोज.”

“तर मग दारापासनं मेडिकलपर्यंत जायला काय झालं तुला? पायाला तेल कमी पडलं?”

“ती माझ्याशी बोलत न्हाय, अण्णा.” बसलिंगप्पाचा आवाज एकदम खाली आला. “मी तितं जाऊन उभा राहिलो आन् तिनं चार माणसांत तोंड फिरवलं तर?”

गुरुबसप्पांनी लाल मुठीचा चाकू मिटला, ज्या खणात दुरुस्त न होणाऱ्या कात्र्या पडत त्यात टाकला आणि खण ढकलून बंद केला. भिंतीवरचं घड्याळ सात वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. बसलिंगप्पा ठोकळ्याच्या कडेवर अंगठा घासत बसला होता. जायला उठत नव्हता.

सृष्टीनं दप्तर पाठीवर चढवलं आणि पायरी उतरली. खाली वडिलांच्या चपला पडल्या होत्या. उलटी पडलेली चप्पल तिनं सुलटी केली, हातानं धूळ झटकली आणि दुसरीच्या शेजारी नीट ठेवली. घर डाव्या हाताला होतं, अक्काचं मेडिकल उजव्या. तिनं चपलांची तोंडं उजवीकडं केली आणि त्यांच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, वाट बघत उभी राहिली.