दोन किलो शिसे

मी एक जुने खोगीर आहे, आणि मनात डूख धरून बसणारे आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगता सांगता गहिवरतात आणि सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा शिवला. शंभर किलोमीटरच्या शर्यतीत स्वार आणि खोगीर मिळून ठरलेले वजन भरावेच लागते. निघताना वजन, पोचल्यावर पुन्हा वजन. माझी बाई अंगाने काडी. म्हणून त्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या असायच्या, एकेका बाजूला दोन किलो.

बाईचा जीव घोड्यांत होता, आणि तोही प्रत्येकाच्या स्वभावात. शंकासुर नावाचा तांबडा घोडा पांढरा दगड दिसला की बाजूला उडायचा. बाई दगड लांबूनच हेरायची. "दगडच आहे रे राजा, तुझं काय खातोय?" असे म्हणत त्याला हळूच पुढे न्यायची. आणि आमची घोडी चार वर्षांची असल्यापासून आजीबाई! बादलीतले पाणी तिला चालायचे नाही. ओढ्यावर थांबायची, वास घ्यायची, पाय आपटून पाणी गढूळ करायची, आणि मग केव्हातरी तोंड लावायची. तोवर मागचे सगळे पुढे निघून जायचे. बाई मात्र माझ्यावर बसून गप्पा मारायची, "होऊ दे तुझं सावकाश, आजीबाई." अकरा वर्षे मी त्या पाठीवर होते. तो काळ सोन्यासारखा गेला.

मग बाईचे खुब्याचे हाड मोडले आणि तिचा भाचा आला. तोही मावशीसारखाच काटकुळा, पण साम्य तेवढ्यावरच संपले. "घोडा तो घोडा, मावशी. त्याचे कसले लाड?" असे म्हणणारा तो.

पहिल्याच शर्यतीत आजीबाई ओढ्यावर थांबली, तर याने चाबूक काढला. रणरणत्या उन्हात तिला कोरड्या तोंडाने पुढे काढले. सत्तराव्या किलोमीटरला ती माझ्यासकट कोसळली. तिच्या अंगाखाली मी दबले होते. तिचे काळीज कसे धडधडत होते, ते मला ठाऊक आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला वाचवले, पण तिचे धावणे कायमचे संपले. याचे उट्टे काढायचे, हे मी तिथेच ठरवले.

भाच्याने मला घामासकट खुंटीवर टांगले. ना तेल, ना फडका. वर्षभरात घाम शिवणीत मुरला आणि डाव्या कप्प्याचा दोरा कुजू लागला. मला मुळीच वाईट वाटले नाही. एकेक टाका सुटत होता आणि मी मनातल्या मनात खूश होत होते.

बाईने भाच्याला शब्द दिला होता, "एक शर्यत जिंकून दाखव, तबेला तुझा." शब्द फिरवणे तिला ठाऊकच नव्हते. एके सकाळी भाचा घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला म्हणाला, "तबेला हातात आला की पहिली ती म्हातारी घोडी बाहेर काढणार. नुसती उभी राहून खाते." काठी टेकत बाई मागे दारात येऊन थांबली होती, ते त्याला दिसले नाही.

शर्यतीच्या दिवशी मी शंकासुराच्या पाठीवर होते. वजन बरोबर भरले. सवयीप्रमाणे बाईने माझ्यावरून हात फिरवला. डाव्या कप्प्यापाशी तिचा अंगठा थांबला. आता ही सुईदोरा मागणार, असे मला वाटले. पण तिने कप्प्याचे झाकण खाली ओढले आणि भाच्याला एवढेच म्हणाली, "पांढऱ्या दगडांकडे लक्ष ठेव."

"हो गं मावशी!" म्हणत तो सुटला.

ऐंशी किलोमीटरपर्यंत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. मग वळणावर चुन्याने रंगवलेला दगड आला. शंकासुराने कान टवकारले. भाच्याने चाबूक ओढला. घोडा जो बाजूला उडाला, त्या हिसक्याला मी उरलेले चारही टाके सोडून दिले. शिसे गवतात पडले. भाच्याला पत्ताही लागला नाही.

तो पहिला आला. नाचला, ओरडला. मग मला काखेत मारून काट्यावर चढला.

"दोन किलो कमी," पंच म्हणाले.

तो उतरला, पुन्हा चढला. तीनदा चढला. काटा हलेना. "बाद," पंच म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावले. भाच्याचे तोंड असे पडले, की माझ्या जुन्या कातड्याचे पांग फिटले.

"या सडक्या खोगिराने घात केला!" म्हणून त्याने मला जमिनीवर आपटले.

बाई कशीबशी वाकली. मला उचलून तिने माझ्यावरची धूळ झटकली. "त्याला काय बोलतोस? शिवण गेलेली मी सकाळीच पाहिली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ओढ्यावर आजीबाई सांगत होती, तेव्हा तू ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी भाच्याने सामान बांधले. आजीबाई आपल्या जागी राहिली. माझा सूड मात्र अर्धाच माझा उरला, याची मला थोडी चुटपुट आहे.

मित्रांनो, वस्तूंना तेलपाणी करा, उसवले की लगेच शिवा आणि पाणी पिणाऱ्या जनावराला घाई करू नका. ही विनंती आहे असे समजू नका. तुमच्या घरी खुंटीवर जे टांगलेले आहे, त्याचा शेवटचा टाका कधी सुटायचा, हे ते तुम्हाला विचारून ठरवणार नाही.