बधीर गाल आणि मालकिणीचं मांजर

मालकिणीचं मांजर गेलं, नेमकी त्याच सकाळी छापखान्यातल्या बाइंडरने दाढ उपटून घेतली होती. डावा गाल बधीर, जीभ लाकडाची, आणि बोलायला गेलं की ओठ एकटाच उजवीकडे वर पळायचा. आरशात बघावं तर स्वारी गालातल्या गालात हसतेय!

"असं तोंड घेऊन भेटायला जाऊ नका हो," बायको म्हणाली.

पण जाणं भाग होतं. सुपरवायझरची जागा रिकामी होती, बाइंडरचा तिच्यावर कधीपासून डोळा होता, आणि छापखान्यात मालकीण म्हणतील ती पूर्व दिशा.

दिवाणखान्यात सगळे माना खाली घालून बसले होते. मशीनमन उसासे टाकत होता आणि हळूच घड्याळ बघत होता. मालक म्हणत होते, "फार लळा लावला होता हो त्याने!" पण खाली त्यांच्या पायाने चक्क ठेका धरला होता. नऊ वर्षं मांजर पलंगावर झोपायचं आणि मालक सोफ्यावर.

बाइंडर पुढे झाला, चेहरा पाडायला गेला. अर्धा पडला. अर्धा हसला.

"अरे, दात काय काढतोस?" मशीनमनने बरगडीत कोपर मारलं.

मालकीण सावकाश वळल्या. गेली जागा! आणि नेमका तेव्हाच इंजेक्शनचा अंमल उतरला. अशी काही कळ आली, की डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या आणि तो गाल धरून मटकन खालीच बसला.

"बघा!" मालकीण मालकांवर कडाडल्या. "हसून मला धीर द्यायला आला होता बिचारा, पण त्यालाच राहवलं नाही. तुमच्या डोळ्यांतून टिपूस तरी आलं? उद्यापासून हाच सुपरवायझर!"

मालक फाटकापर्यंत सोडायला आले. मागे वळून बघत कुजबुजले, "रडलास झकास. पण आधी हसलास ना लेका, ते फक्त मला कळलं. आज मी पलंगावर झोपणार!"

जीभ एव्हाना मोकळी झाली होती. खरं काय ते सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. बाइंडरने गालावर रुमाल दाबला, मान डोलावली आणि वाट धरली.

घराच्या दारातच तो बायकोकडे बघून हसला, या खेपेला दोन्ही गालांनी. आणि लगेच "आई गं!" करून ओरडला.