सातव्या खड्ड्याजवळचा मोह

ढाणकीच्या दक्षिणेला सागाच्या जंगलात जागा मोकळी करून नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलं होतं. कुणीही यावं, तिथलीच स्टिक घ्यावी आणि खेळावं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नरहरराव त्यात रमले होते. फक्त सातव्या खड्ड्यापुढचा मोह त्यांना छळायचा. चांगला मारलेला चेंडू त्याच्या फांद्यांत अडकायचा. शेवटी त्यांनी मैदानाच्या समितीकडे अर्ज केला, चार सह्या मिळवल्या, आणि झाड तोडायची परवानगी आली.

खोडावर लाल खूण पडली, त्या सकाळी मैदानाचं गवत कापणारी मानीबाई विळा घेऊन नुसतीच झाडाखाली उभी होती.

"सायेब, हे झाड काहून तोडून राह्यले?"

"खेळात मध्ये येतं ना. मीच अर्ज दिला होता."

तिने विळा खोडाशी टेकवला. मग म्हणाली, "याच्या बुडाशी माही पोरगी हाये. महिन्याचीही नव्हती. तवा इथं समदं जंगलच होतं."

नरहररावांच्या हातातली स्टिक खाली टेकली. "आधी का नाही सांगितलंत?"

"कोनाले सांगू? जागा सरकारची. गवत कापाचं काम निंगालं, तं म्या म्हटलं, रोज जाता येईन."

ते खेळ टाकून तसेच समितीच्या चारुदत्तांकडे गेले. चारुदत्तांनी ऐकून घेतलं, पण ठेकेदाराला आदेश गेला होता. दुपारभर सह्यांसाठी समितीच्या सदस्यांची शोधाशोध करून संध्याकाळी झाड न तोडण्याचं पत्र मिळालं. फोन मात्र ठेकेदाराने उचललाच नाही.

सकाळी नरहरराव पत्र घेऊन पोचले, तेव्हा मोह आडवा झाला होता. माणसं फांद्या ट्रॉलीत भरत होती. मानीबाई बाजूला उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती. नरहररावांना तिच्याकडे बघवेना.

एवढ्यात बुंधा उपटायला जेसीबी पुढे आला. मानीबाई धडपडत उठली. "खोदू नका हो, खोदू नका!"

नरहरराव बुंध्यावर जाऊन बसले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आरडाओरडा केला. ते हलले नाहीत. चारुदत्त येईपर्यंत दोन तास ते उन्हात तसेच बसून होते. अखेर बुंधा राहू द्यायचं ठरलं आणि जेसीबी परत गेला.

मानीबाई त्यांच्याजवळ येऊन खाली बसली. भुसा बाजूला सारून तिने माती हाताने सारखी केली.

"मानीबाई, चुकलं माझं," ते म्हणाले. "नाव काय होतं तिचं?"

"नाव ठेवाचंच होतं, सायेब. बारशाच्या आधीच गेली."

नरहररावांच्या खिशातलं पत्र घामाने भिजलं होतं. मानीबाईने विळा उचलला आणि ती आठव्या खड्ड्याकडे गवत कापायला निघून गेली.