मागचा मार, पुढची खूण

सहदेवच्या वहीत त्रेसष्ट डोकी होती. तालुक्याच्या दवाखान्यात चिरफाडीच्या खोलीतला तो नोकर. डॉक्टर दोन वर्षांनी बदलत. वही आणि सहदेव तेवढे कायम. सडकेवर जीव गेलेल्या प्रत्येकाचे तीन रकाने: डोक्याला कुठं लागलं, आत काय दिसलं, गाडी कोण चालवत होतं.

चौसष्टावं डोकं आलं तेव्हा पेन्सिल खिशातच राहिली. मेलेला जानेफळचा किसनराव. बाहेर बाकावर पोलिसांनी बसवून ठेवलेला कापसाच्या ट्रकचा ड्रायव्हर शालिग्राम, सहदेवचा सख्खा जावई.

गावकरी सांगत होते, सडकेवर भांडण झालं, ड्रायव्हरनं चाक काढायची लोखंडी टॉमी डोक्यात हाणली. शालिग्राम सांगत होता, "मले तो पडलेलाच दिसला. मी गाडी थांबवली, बस."

फौजदारानं तिरडी वाटेत अडवली, तोवर घरच्यांनी किसनरावला आंघोळ घालून, गुलाल लावून, नवं धोतर नेसवलं होतं. रीत झाली, पण अंगावरची माती, कापसाचे धागे, जे काही सांगण्याजोगं होतं ते मोरीतून वाहून गेलं.

डॉक्टर पुण्याचे, आठ दिवसांपूर्वी आलेले. "मागे फुटलंय. लोखंडानंच. लिहून टाकतो."

"कवटी उघडा साहेब."

"तुमचा जावई आहे म्हणून?"

"हाव, म्हणूनच. मी हात लावत नाही. तुमीच उघडा, तुमीच पाहा."

इतके दिवस करवत सहदेवच चालवी आणि साहेब दारातून नाक धरून मजकूर सांगत. आज साहेबांनी ती पेनासारखी धरली. सहदेव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जखमेखालचाच मेंदू ठेचलेला निघाला, तर टॉमी खरी, आणि त्याच्या लेकीचा, चांगुणाचा संसार संपला.

करवत थांबली. 

"सहदेव, मार मागे आहे, मग मेंदू पुढून का ठेचलाय?"

"कपाळाले लागलं काय?"

"ओरखडाही नाही."

सहदेव वळला. वही उघडून टेबलावर ठेवली. "असे सव्वीस आहेत साहेब. सगळे उंचावरून मागं पडलेले. मारलेल्याचं जखमेखालीच ठेचते, पडणाऱ्याचं जखमेच्या उलट बाजूले."

डॉक्टरांनी सव्वीसच्या सव्वीस नोंदी वाचल्या. मग अहवालात 'उंचावरून पडून' असं लिहिलं.

सहदेव बाहेर येऊन जावयाशेजारी बसला. "किसनराव कापसावर बसला होता ना?"

"गाडीवर कोनी नव्हतं मामा."

"मग सपाट सडकेवर तो पडला कुठून? आता फौजदार हेच इचारन. अन् तुमी काऊन लपवलं, हे बी इचारन."

शालिग्रामनं आवाज खाली आणला. "मालानं भरलेल्या गाडीवर माणूस बसवला म्हटलं तर लायसन जाईन."

"जाऊ द्या. लायसन वाचवता वाचवता खुनात चालले होते तुमी."

शालिग्राम उठला आणि ओट्यावर थांबलेल्या फौजदारासमोर जाऊन उभा राहिला. "खड्डा चुकवला साहेब, अन् मागं धप्पकन आवाज आला," एवढं सहदेवला ऐकू आलं. मग त्यानं पेन्सिल काढली, चौसष्टावी ओळ भरली, आणि तिसऱ्या रकान्यात जावयाचं नाव लिहिलं.